धुनीबाबांचा बाभळीचा काटा

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात पारशिवनीला पार नागपूरच्या धरमपेठेतून माणसे येत होती. धुनीबाबा म्हणे भाजलेल्याचे दुखणे पिऊन टाकत. फुंकर मारायची, राख फासायची आणि जखमेला बाभळीचा काटा टोचून विचारायचे, "दुखते काय?" नाही म्हटले की जयजयकार. जो ओरडेल त्याची श्रद्धा कच्ची. थोडक्यात, बाबा हरण्याची सोयच नव्हती.

त्या दिवशी समोर गोपिका होती. लग्नघरी उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकताना तिला भोवळ आली आणि उजवा हात इंगळावर पडला. त्याच हातावर तिचे घर चालायचे.

बाबांनी काटा टोचला. "दुखते काय वं?"

"नाही बाबा. काहीच समजत नाही."

तिचा नवरा नत्थू आनंदाने रडायलाच लागला.

माझी मावसबहीण चारुशीला नागपूरला नर्स होती, सुटीवर आलेली. ती गर्दीतून पुढे घुसली. "बाबा, काटा मले द्या जरा."

तिने तो जखमेच्या लालभडक कडेला हळूच लावला. गोपिका कळवळली. मग मधल्या पांढऱ्या, चामड्यासारख्या कडक भागाला लावला. गोपिका नुसती बघत राहिली.

"बाईची श्रद्धा कडेले कच्ची अन् मधात पक्की आहे काय?" चारुशीलाने बाबांना विचारले.

लोक हसले. बाबांनी रागाने धुनीत कापूर टाकला, त्याचा पेटता तुकडा उडून त्यांच्याच अंगठ्यावर पडला. फुंकर राहिली बाजूला. अंगठा थेट नत्थूच्या हातातल्या पाण्याच्या लोट्यात गेला.

"आज बाबाचं एवढं एक बरोबर झालं," चारुशीला म्हणाली. "लाल झालं, दुखते, ते वरवरचं. ते आपोआप बरं होते, अन् नाव बाबाचं होते. फोड आला, आग होऊन राहिली, ते त्याच्याखालचं. पण पांढरं पडलं अन् दुखतच नाही, तिथं दुखणं सांगणाऱ्या शिराच जळाल्या. हे सर्वात वाईट. नत्थूभाऊ, हात वाचवाचा असंन तर आत्ताच नागपूरले चला."

नत्थूने बाबांकडे पाहिले. बाबा अंगठ्याकडे पाहत होते. दुपारच्या एस.टी.ने आम्ही निघालो.

मांडीची कातडी लावून डॉक्टरांनी हात वाचवला. पुढच्या लग्नसराईत गोपिका पुन्हा रोट्या टाकताना दिसली. मी विचारले, "चटका लागतो का गं?"

"लागते नं दादा," ती हसून म्हणाली. "लागला की लय बरं वाटते."

तेव्हा भाजले तर गार पाणी घाला, राख नको. आणि दुखत नाही म्हणून कोणी जयजयकार करू लागला, तर आधी विचारा, काहून दुखत नाही?