ब्रेक माझे शाबूत होते

मी सायकल बोलतेय. हिरवी, दांडीची, मागे कॅरियरवर सामानाची पिशवी बांधलेली. मला गोडगोड बोलता येत नाही, आधीच सांगते. माझ्यावर खोटा आळ आलाय आणि मी डूख धरून आहे.

जन्माला आले तेव्हा मी काळी होते. मुलगा परीक्षा पास झाला म्हणून एका वडिलांनी मला दुकानातून घरी नेलं. सुरुवातीला काय लाड! रोज फडकं, रोज तेल. मग एका दुपारी हा शहाणा उतारावरून निघाला. मागे मित्र उभे, म्हणून ह्याची मान मागे आणि हात हवेत. समोर शाळेच्या बाई रस्ता ओलांडत होत्या. त्यांचा पाय मोडला. आणि हा घरी जाऊन सांगतो, "ब्रेकच लागले नाहीत, आईशप्पथ!" अरे, दाबलेस तर लागतील ना! नाचता येईना अंगण वाकडं. वडिलांनी एकदाही ब्रेक दाबून पाहिला नाही. पोटचं पोर खोटं कसं बोलेल? मला शेडमागे फेकून दिलं. तिथं मी वर्षानुवर्षं गंजत पडले. कोंबड्या माझ्या सीटवर बसायच्या. शेवटी भंगारवाला आला.

भंगारातून मला ताईनं उचललं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते, बोलते कमी. तिनं रॉकेल लावून माझा गंज काढला, हिरवा रंग दिला. ती डावरी, म्हणून तिनं ब्रेक उलटे जोडून घेतले. एरवी पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो, माझा डाव्या हाताला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघीच लांब भटकायला जातो.

त्या दिवशी तर मोठा बेत होता. फेरीबोटीनं खाडी ओलांडायची आणि पलीकडचा समुद्रापर्यंतचा लांबलचक उतार एकही पायडल न मारता उतरायचा. ताई आठवडाभर ह्या उताराचंच बोलत होती. सकाळी वाटेत एका ट्रकवाल्यानं विचारलं, "एकट्याच? भीती नाही वाटत?" ताई म्हणाली, "एकटी कुठे? ही आहे की." मला सांगा, माझ्यावर एवढा भरवसा आजवर कुणी ठेवला होता?

बोटीवर खलाशानं मला कठड्याला बांधलं. शेजारी एका म्हातारीच्या टोपलीत बदकं होती, ती माझ्या टायरला चोची मारत होती. तेवढ्यात ते हसणं ऐकू आलं. घशात अडकून नाकातून बाहेर पडणारं. पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण हसणं तेच. तोच तो!

"छान आहे हो सायकल, ताई," माझ्या सीटवर थाप मारत तो म्हणाला. हिरव्या रंगात त्यानं मला ओळखलं नाही. "माझीही होती एक. ब्रेकनं दगा दिला, एका बाईंचा पाय मोडला. सायकलींवर विश्वास ठेवू नये बघा."

म्हातारी हळहळली. तीही त्याच्यासाठी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण दोरीनं बांधलेली मी करणार काय?

बोट पलीकडे लागली. मोकळा धक्का बघून ह्याला हुक्की आली. "ताई, एक चक्कर मारू?"

"मारा की काका. फक्त ब्रेक उलटे आहेत हं. डावा पुढचा आहे. नीट ऐका..."

"अहो, मला सायकल शिकवता?" म्हणत त्यानं टांग टाकलीसुद्धा.

खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ह्यानं वेग घेतला. मान मागे, उजवा हात हवेत, म्हातारीला टाटा चाललेला. इतक्या वर्षांत काडीचा फरक नाही! समोर जाळ्यांचा ढीग आला आणि ह्यानं घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला. मी थोडी घसरले असते तर हा वाचला असता. नाही घसरले. दातओठ खाऊन पुढचं चाक जागच्या जागी धरलं. घे, लागला ब्रेक! गृहस्थ माझ्या डोक्यावरून उडून तोंडघशी पडले. दोन्ही गुडघे फुटले, एक दात हलला. बोटीवरचे लोक हसले. एवढं समाधान मला नव्या रंगानंही दिलं नव्हतं.

मग ताई धावली. "चुकलं हो काका, माझंच चुकलं," म्हणत आपल्या रुमालानं त्याचे गुडघे पुसू लागली.

तो कण्हत म्हणाला, "असू दे. सायकलीच असतात अशा. पण उतारावर जपा हं. ही तुमचा घात करील."

उताराच्या तोंडाशी आलो, खाली समुद्र दिसत होता, वारा पाठीशी होता, आणि ताई सीटवरून उतरली. अख्खा उतार मला धरून चालत गेली. मध्येमध्ये थांबून ब्रेक दाबून पाहायची. दरवेळी लागायचा. तरी बसली नाही.

तेव्हापासून ती मला सपाट रस्त्यावरच चालवते. सूड घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा सापडला तर पुन्हा उडवीन. पण भोगतंय कोण? ताई आणि मी. त्याचं काय बिघडलं? त्याच्या गोष्टीत आता दोन सायकली झाल्या.

म्हणून तुम्हाला विनवते. असा कुणी गृहस्थ सायकलींच्या नावानं खडे फोडताना कुठे भेटला, तर गप्प बसू नका. चारचौघांत विचारा, "काका, तुम्ही ब्रेक दाबला होता का?" आणि ताई जवळपास असेल, तर जरा मोठ्यानं विचारा.