डावीकडची गाठ

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंचा जीव आठवडाभर टांगणीला लागला होता, आणि दुखणं त्यांनीच शोधून काढलेलं. नवं मशीन आलं, तपासून बघायला माणूस हाताशी नव्हता, म्हणून बाईंनी जेल चोपडून प्रोब स्वतःच्याच डाव्या कुशीवर टेकवला. किडनीत पाण्याची गाठ दिसली. त्यात काय एवढं? वय झालं की केस पिकतात तशी ती होते, असं सांगून रोज कितीतरी जणांना त्या हसत घरी पाठवायच्या. पण हिच्या आत एक पडदा होता.

मग कसली झोप नि कसलं जेवण! पेशंट बाहेर पडला की बाई दाराला कडी लावून पुन्हा बघायच्या. पडदा कधी पातळ वाटे, कधी जाड.

"अगं, पाण्याच्या गाठीचा कॅन्सर होतो का?" नवऱ्याने विचारलं.

"साध्या गाठीचा नाही होत. आत पडदे असले, भिंत जाड असली, तर शंका घ्यायची."

"मग सीटी करून मोकळी हो ना."

"करते म्हटलं ना!" बाई खेकसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी लावून बसल्या. घाबरल्या होत्या, दुसरं काय!

शेवटी एकदाचा सीटी झाला. शिरेतून रंगाचं औषध गेलं, वाईट गाठ असली की ती तो रंग शोषून घेते. अंग गरम झालं. काचेपलीकडे त्यांचाच जुना विद्यार्थी स्क्रीनसमोर बसला होता. तो काही केल्या मान वर करेना. खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्यांनीच त्याला शिकवलेलं.

अखेर तो बाहेर आला. "मॅडम, डावीकडे दोन साध्या गाठी आहेत, एकमेकींना चिकटलेल्या. पडदा वाटला ती त्यांची मधली भिंत. निव्वळ पाणी आहे, रंग अजिबात घेतलेला नाही."

"हुश्श! जीव खाल्ला मेल्यांनी!" बाई चप्पल शोधू लागल्या.

"मॅडम, बसा जरा." त्याने स्टूल पुढे सरकवलं. "उजवीकडे बघितलं होतंत?"

बाई थबकल्या. एक सापडलं म्हणून थांबू नका, दुसरी बाजू बघा, असं पोरांना ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. आणि आठवडाभर त्यांचा स्वतःचा हात डावी कूस सोडून हलला नव्हता.

"उजवीकडे एक भरीव गाठ आहे. तिने रंग घेतलाय," तो हळूच म्हणाला. "कॅन्सरच वाटतोय. पण लहान आहे, मॅडम. तेवढीच काढता येईल, किडनी वाचेल."

बाईंना रडू फुटलं.

"नापास कर रे मला," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात काही केल्या सोडेनात.