पोट तापलेलं, वारा गार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि तोही गेम खेळण्यासाठी बनवलेला. म्हणजे जाडजूड, वजनदार, झाकणावर लाल रेघ असलेला. आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावात, मधल्या खोलीतल्या टेबलावर माझा मुक्काम आहे. माझ्या वयाचे बरेच जण कपाटाच्या तळाशी गेले. मी कसा वाचलो, ते सांगतो.

मला मोहितने आणलं, तो पुण्यात कॉलेजात होता तेव्हा. तो माझ्यावर गाड्यांच्या शर्यती खेळायचा. मित्र भोवती जमायचे, "काय पळतोय राव हा!" म्हणायचे आणि मी फुलून जायचो. पुढे कॉलेज संपलं, मोहित कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं. मी मात्र दोन वर्षं पिशवीत पडून राहिलो. कुणी झाकणसुद्धा उघडलं नाही.

मला बाहेर काढलं ते त्याच्या बायकोने, हर्षालीने. जुन्या साडीच्या तुकड्याने पुसलं, मऊ ब्रशने जाळीतली धूळ काढली. पुण्याच्या एका ऑफिससाठी ती घरबसल्या बंगल्यांची चित्रं करायची. जिना, खिडकी, फरशीवर पडलेलं ऊन, सगळं खरं वाटावं असं. दुपारी स्वराज झोपला की आमचं काम सुरू. स्वराज तिचा दीड वर्षाचा मुलगा. हिवाळ्यात त्याला तापात झटका आला होता. तेव्हापासून तिचा एक डोळा पडद्यावर आणि एक त्याच्या श्वासाकडे. मी ते रोज बघत होतो.

एप्रिलमध्ये ऑफिसने चित्रांसाठी नवा प्रोग्रॅम दिला. पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डला तो काही पेलेना. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत बंगल्याचं चित्र आलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून इथे येऊन काम करा." सोमवारपासून पुण्याला! म्हणजे स्वराजपासून सकाळ ते रात्र लांब. त्या दिवशी हर्षालीने त्याचं कपाळ चार वेळा चाचपलं.

मित्रांनो, बऱ्याच लॅपटॉपांत ग्राफिक्स कार्ड कायमचं जोडलेलं असतं. माझ्यासारख्या काही जुन्या, जाड लॅपटॉपांत मात्र ते स्क्रूने बसवलेलं असतं आणि बदलता येतं. मंचरला मोहितचा मित्र सोपान दुरुस्तीचं दुकान चालवतो. मला तिथे नेलं.

"सगळ्यात मोठं कार्ड टाकू वहिनी. रॉकेट व्हईल रॉकेट!" सोपान म्हणाला.

"भाऊ, ताकद वाढली की उष्णतापण वाढणार ना? ती बाहेर कुठून जाणार? पंखा तर तोच आहे."

"झालं हिचं सुरू," मोहित हसला. "ही आंब्याच्या रसालासुद्धा विचारते, बाळाला बाधणार नाही ना!"

पण हर्षाली हटली नाही. शेवटी माझ्या पंख्याला आणि चार्जरला झेपेल असं मधल्या ताकदीचं कार्ड बसलं. मला वाटलं, आता आपले जुने दिवस आले.

कसले काय! पहिलंच चित्र सुरू केलं आणि दहा मिनिटांत मी बंद पडलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. मोहितने टेबलफॅन लावून पाहिला, तरी तेच. गुरुवारची दुपार झाली. चित्र अर्धंही नव्हतं. हर्षाली माझ्यासमोर डोळे पुसत बसली.

तिच्या सासूबाई, चिमाबाई, जवळ आल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "अगं, ह्याला तर लई ताप भरलाय. ओली पट्टी ठिवू का?" आणि खरंच रुमाल भिजवून आणला!

"आई, नको! पाण्याने मरेल तो!"

"मरंल? मंग लेकराला कशी ठेवती?"

"लेकरात वीज नसते हो आई!"

दोघी हसल्या. मग हसता हसता हर्षाली थबकली. दूध कोमट आहे का हे बघताना धरते, तसं तिने मनगट माझ्या बाजूच्या, पंख्याचा वारा बाहेर येतो त्या जाळीशी धरलं. वारा गार होता. मग तिने माझ्या पोटाखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"आई, स्वराजला ताप चढताना हातपाय गार पडले होते आणि पोट भाजत होतं, आठवतं? याचं तसंच झालंय."

शुक्रवारी स्वराजला कडेवर घेऊन ती मंचरला पोचली.

"वहिनी, गेमिंग लॅपटॉप हाय, त्यो तापणारच," सोपान म्हणाला. "आन् वारा गार येतोय तर चांगलंच हाय की!"

"नाही भाऊ. आत एवढा तापलाय, तर वारा गरम यायला हवा. पंखा फिरतोय, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. तुम्ही एकदा उघडा. मी इथेच बसते."

सोपानने नाराजीनेच स्क्रू काढले. आणि वाकून आत बघू लागला. नव्या कार्डाची चिप जुन्यापेक्षा जरा बुटकी होती. त्याने भोवतीच्या भागांवरची मऊ, रबरासारखी पॅडं मात्र जुनीच जाड ठेवली होती. त्यामुळे उष्णता ओढून नेणारी तांब्याची पट्टी चिपला नीट टेकलीच नव्हती. मधे केसभर फट. चिपची उष्णता पट्टीत उतरवणारी पेस्ट फक्त एका कोपऱ्याला लागलेली.

"आयला! चूक माझी हाय वहिनी," तो म्हणाला. "तुमी हितं बसला नसता तर म्या काय उघडला नसता."

त्याने पातळ पॅडं घातली, नवी पेस्ट लावली. पट्टी चिपला टेकली. मी सुरू झालो, आणि माझ्या जाळीतून भसाभस गरम वारा आला. मित्रांनो, तो सुटकेचा श्वास होता.

घरी हर्षालीने मला दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवलं, भिंतीपासून हातभर दूर, स्वराजचा हात पोचणार नाही असं. शनिवारी संध्याकाळी बंगला पूर्ण होऊन पुण्याला गेला. मॅडमचा फोन आला, "छान आहे. घरूनच करा." सोमवारी सकाळची एसटी फाट्यावर थांबली आणि हर्षालीशिवाय निघून गेली.

मित्रांनो, मी सारखा बंद पडायचो तो हट्ट नव्हता. आतलं जळू नये म्हणून मी थांबत होतो. आमची ताकद वाढवा, जरूर वाढवा, पण आमची उष्णता कुठून बाहेर पडेल हे आधी बघा. आमची धूळ झाडा, आम्हाला गोधडीवर ठेवू नका. आणि घरातलं कुणी काळजीने म्हणालं, "याला काहीतरी होतंय," तर हसण्याआधी एकदा उघडून बघा.