न वाचलेला सातवा परिच्छेद

"आत्या, हा निकाल तर शिंप्याच्या बाजूचा आहे."

पुतणी माझ्याच ऑफिसात वकिली शिकते. जिंकलेल्या खटल्याची फाइल लावताना तिने मी कोर्टात दाखवलेला जुना निकाल काढला होता. "सारांश वाच आधी," मी खेकसले. सारांश दोन ओळींचा: भाडेकरूने दुकान सहा महिने बंद ठेवलं, तर जागेवरचा हक्क जातो. वरच्या कोर्टाने ठरवलेलं, म्हणजे खालच्या कोर्टाला मानावंच लागतं. म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान सात महिने बंद होतं आणि दुकानमालक माझा अशील. न्यायाधीशांसमोर त्या दोन ओळी मी खणखणीत वाचल्या नि खटला जिंकला.

पुतणीने सातव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. दुकान आजारपणामुळे बंद असेल, तर हा नियम लागू नाही. शिंपी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळला होता. ते मला पक्कं ठाऊक होतं. परिच्छेद मात्र मी वाचलाच नव्हता.

निकाल पूर्ण वाचल्याशिवाय कोर्टात तोंड उघडायचं नाही, असं म्हणून पंचवीस वर्षं मी ज्युनियरांना झापत आलेय. लाजेने माझे कान तापले. पुतणी उलटून काही बोलली असती, तर निदान तिच्यावर ओरडता आलं असतं.

"परवा दोन वकील आपल्या निकालाची नक्कल घेऊन गेलेत," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या खटल्यांत दाखवायला."

अपिलाची मुदत संपायला चार दिवस होते. अशील बोंबलणार होता, बोंबलू दे. मी तो निकाल घेऊन तडक शिंप्याच्या वकिलांकडे गेले. शिंपीही तिथेच काठी टेकून बसला होता. वकिलांनी परिच्छेद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, तुम्ही दाखवलात म्हणून विश्वासाने मी तो निकाल उघडूनही पाहिला नाही हो."

मला त्यांच्याकडे बघवेना. "चूक माझी. कोर्टालाही तसं लिहून देते," एवढंच कसंबसं म्हणाले.

"म्हणजे दुकान परत मिळेल?" शिंप्याने विचारलं.

"अपील केलंत तर बहुतेक मिळेल."

त्याने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "जरा आधी यायचं होतंत, वकीलबाई. जागाच गेली म्हटल्यावर मशीन ठेवू कुठे? काल देऊन टाकली."

"कुणाला? मी आणते परत."

"भंगारवाल्याला. त्याने माझ्या घराच्या दारातच फोडली."