न वितळलेलं नाणं

पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि शीतगृहाच्या फाटकाबाहेरची गर्दी एकदम गप्प झाली. सगळ्यांचे डोळे चहावाल्याच्या मुठीवर होते.

"उघड!" धातूबाबा गरजले.

चहावाल्याने मूठ उघडली. मघाशी त्याच्या हातावर ठेवलेलं टणक, चंदेरी नाणं आता पाऱ्यासारखं डुचमळत होतं. बायकांनी हात जोडले.

"ज्याचं मन निर्मळ, त्याच्या हाती धातूचं पाणी होतं. जिच्या मनात घरच्यांचं मरण, तिच्या हाती दगडच राहतो." बाबांनी मखमली पेटीतून दुसरं नाणं काढलं. "आता आण तुझ्या सुनेला."

हे त्यांनी ज्या म्हातारीला सांगितलं, तिचा नवरा महिनाभर अंथरुणाला खिळलेला होता. घरातलीच कुणी त्याला खातेय, असं बाबांनी आदल्या दिवशी तिच्या मनात भरवलं होतं. तिच्या कडेवर नातू होता. सून फाटकातून बाहेर आली ती थेट बाळाकडे झेपावली.

"आधी नाणं धर," सासू मागे सरली. "वितळलं नाही, तर बाळ माझ्याकडे राहील नि तू माहेरी जाशील. तुझ्या नवऱ्यालाही मान्य आहे."

नवरा जमिनीकडे बघत होता.

"अहो, काहीतरी बोला ना!" ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही. तिने नाणं धरलं. आम्ही वाट पाहिली. मूठ उघडली, तेव्हा नाणं होतं तसंच होतं.

गर्दी आधी एक पाऊल मागे गेली, मग दोन पावलं पुढे आली. कुणीतरी म्हणालं, "हिला घरी जाऊच देऊ नका." त्या आवाजात राग नव्हता, ठरवून टाकल्याचा थंडपणा होता. मला त्याचीच भीती वाटली.

मी याच शीतगृहात मासे पुरेसे गोठलेत का, ते तपासते. तापमापक खिशातच असतो. तो मी तिच्या तळव्यावर टेकवला.

"एकवीस अंश. आजी, सून आत्ता कुठून आली?"

"कामावरून. कुठून येणार?"

"काम कसलं?"

"बर्फातले मासे भरते की."

"मग हात गरम कसे असतील?"

"ए शिकलेल्या बाई, देवाच्या कामात नाक खुपसू नकोस," बाबा म्हणाले. "तोंडातून रक्त येईल."

मी चहावाल्याकडून गरम चहाचा पेला घेऊन तिच्या हातांत दिला. बोटं लाल होईपर्यंत तिने तो धरला. मग तेच नाणं पुन्हा तिच्या मुठीत ठेवलं. या वेळी ते वितळलं.

"चहानं बाधा उतरली!" बाबा पटकन म्हणाले.

"मग पेटी चहावाल्यालाच द्या की महाराज," मागून एक बाई म्हणाली. पहिल्यांदाच कुणी हसलं.

मी पेटीची मखमल उचलली. खाली बर्फ होता, नाणी आधीच वितळू नयेत म्हणून. वरचं एक नाणं मी पेल्यातल्या उरलेल्या चहात टाकलं. तळाशी चकचकीत थेंब झाला. "आता सांगा, चहाचं मन निर्मळ की पापी?"

हा धातू गॅलियम. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत तो ॲल्युमिनियमच्या खालच्या घरात बसतो, अणुक्रमांक एकतीस. तीस अंशांच्या किंचित आधीच वितळतो, म्हणून उबदार हातात पाणी होतो आणि गार हातात नाही. सत्तर ग्रॅम गॅलियम म्हणजे साधारण एक मोल, म्हणजे सहावर तेवीस शून्यं इतके अणू. सात ग्रॅमच्या नाण्यात त्याचा दहावा हिस्सा. नाणं वितळलं तरी अणू तेवढेच राहतात, वजनही तेवढंच. त्यात कुणाचं पाप शिरत नाही, पुण्य बाहेर पडत नाही. पदार्थाची फक्त अवस्था बदलते.

सासूने बाळ सुनेच्या हातात दिलं. "आजोबांना आजच मोठ्या दवाखान्यात न्या," मी नवऱ्याला म्हटलं. त्याने मान डोलावली.

बाबा पेटी आवरत होते. मी विचारलं, "याआधी किती गावांत हे नाणं फिरवलंत?"

त्यांनी घाईने पेटीचं झाकण लावलं.

हात काही बर्फानेच गार पडतात असं नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईचे पडतात, घाबरलेल्या बाईचे पडतात. त्या गावांमध्ये कुणाकुणाच्या मुठीत नाणं तसंच राहिलं असेल, आणि पुढे त्यांचं काय झालं असेल? तिथेही लोकांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सांगते, डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर थांबू नका. हे असं का झालं, एवढं विचारा, आणि कुणाला घराबाहेर काढण्याच्या आधी विचारा.