आदितीच्या आईची पैंजणं

“‘तीच हाईत’ म्हणायचं, काकू. दोन शब्द. तिसरा बोलायचा न्हाय.” वकील धैर्यशील यांनी फाईल काखेत मारली आणि आवाज खाली आणला. “आणि खरंच तीच हाईत का, ते मला सांगू नका. मी इचारलेलं न्हाय.”

कोल्हापूरच्या न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्राबाहेर विजयमाला बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेली चांदीची पैंजणं. शेजारी मुलगा पारस. सुनेनं, आदितीनं, दोघांवर फिर्याद केली होती की माझं स्त्रीधन यांनी लाटलं. साड्या, भांडी, गळ्यातलं, सगळं परत गेलं होतं. घोडं अडलं होतं पैंजणांवर. आज मध्यस्थांसमोर आदितीनं ती ओळखून सही केली, तर अटकपूर्व जामीन कायम होणार. नाही केली, तर दुपारी सरकारी वकील म्हणणार, वस्तू अजून मिळालेली नाही, आरोपींना ताब्यात द्या. आरोपी म्हणजे विजयमाला आणि पारस.

“घाबरू नगोस, आई,” पारस म्हणाला. “तीच हाईत की. तूच उजळून दिलीस न्हवं?”

“व्हय,” विजयमाला म्हणाली.

ती खोटं बोलत होती, आणि ते पोटच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

हुपरीत घरोघरी पैंजणांचं काम चालतं. विजयमाला लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं तिच्या हातात चिमटा दिला. नवरा गेला, पोरगं वाढलं, चिमटा काही सुटला नाही. अशा घरात सून आली ती जुनी, झिजलेली पैंजणं घालून. त्यातल्या एकाला कुणा सोनारानं असा ओबडधोबड जोड दिला होता, की बघून विजयमालाचा नुसता चडफडाट व्हायचा. हुपरीची सून आणि पायात हे? इथल्या बायका हळदीकुंकवाला सुनेच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पाय बघतात. मग एकदा तो जोड पुन्हा सुटला. ‘तेवढी कडी जोडून ठेवा,’ असं सांगून आदिती चार दिवस माहेरी गेली. विजयमालानं ती दोन्ही मुशीत टाकून वितळवली, वर घरची चांदी घातली आणि जीव ओतून नवी घडवली. कौतुकानंच केलं हो बाईनं. जुनी चांदी मुशीत टाकताना हुपरीत कुणी थांबून विचार करत नाही.

आदिती परत आली, नवी पैंजणं बघून म्हणाली, “माझी कुठायत?” तिचा पांढराफटक चेहरा बघून विजयमाला भेदरली आणि बोलून गेली, “हीच की. उजळलीत.” त्या एका वाक्यानं घर खाल्लं. आदिती विचारत राहिली, पारस आईची बाजू घेऊन ओरडत राहिला. शेवटी ती बॅग भरून नृसिंहवाडीकडं माहेरी गेली आणि त्यानंतर आलं ते पोलिसांचं बोलावणं.

आत मध्यस्थ मॅडमच्या समोर आदिती आणि तिचे वडील आण्णा बसले होते. विजयमालानं रुमाल उलगडला. पैंजणं लखलखली.

“बघा आदिती. हीच का?” मॅडमनी विचारलं.

“न्हाईत.”

“पुरावा काय, मॅडम?” धैर्यशील लगेच म्हणाले. “लग्नाच्या फोटोत साडीनं पाय झाकलेत. उगच कुणावरबी आळ घ्यायचा?”

आण्णा लेकीकडं वळले. “घे बाळ. सही करून मोकळी हो. चांदी ती चांदी.”

“आण्णा, तुम्हीबी?” आदितीचा आवाज चिरकला. मग ती मॅडमकडं बघून बोलली. “मी उभी राहायला शिकत होतो तवा आईच्या पायाला धरायचो. ओढून ओढून कडी तोडली. आई मरेस्तोवर तो जोड दाखवून सांगायची, हे तू तोडलेलंस. मला ही चांदी नको. आईची पैंजणं त्यांनी विकली असली तर कुठं विकली एवढं सांगावं. मी जाऊन हुडकून आणतो. पाया पडून मागतो.”



“विजयमालाबाई, तुम्ही सांगा,” मॅडम म्हणाल्या. “हीच का ती?”

धैर्यशील यांनी खाकरल्यासारखं केलं. पारस आईकडं निर्धास्त बघत होता, आणि तेच तिला सोसेना. दोन शब्दांचं काम होतं. पोरगा सुटला असता, ती सुटली असती, खोटी ठरली असती ती फक्त आदिती. आणि ही पोर सराफाच्या दुकानांतून जन्मभर हिंडली असती, जे जगात कुठंच उरलं नाही ते हुडकत.

“न्हाईत,” ती म्हणाली.

“काकू, गप बसा,” धैर्यशील पुटपुटले.

“हुडकू नगो, आदिती. ती कुठंच न्हाईत. मी वितळवली. जोड वंगाळ दिसत हुता, मला तेवढंच दिसलं. तू इचारलंस तवा भ्यालो आणि खोटं बोललो. मॅडम, ह्यातलं पारसला कायबी ठावं न्हाय. त्याला सोडा. मला न्या कुठं न्यायचं ते.”

“आई,” पारस म्हणाला.

आदितीनं टेबलावरच्या नव्या पैंजणांवर बोट ठेवलं. “सगळीच?”

“सगळीच.”

आण्णांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो अलगद बाजूला केला, डोळे पुसले आणि मॅडमना म्हणाली, “चोरली न्हाईत त्यांनी. मोडली. तसं लिवा. मी सही करतो.”

कागद झाला, सह्या झाल्या. धैर्यशील पारसच्या कानाशी लागले, “आता जामिनाला विरोध राहत न्हाय. सुटलासा.” पारसनं मान वर केली नाही.

आदितीनं पैंजणं रुमालासकट सरकवली. “ही तुमची, आत्ती.”

ती उठली. घरात असताना बाहेर निघाली की ती सासूच्या पाया पडायची. आताही सवयीनं खाली वाकली. विजयमालानं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.