वनीसमामाचं प्रायश्चित्त

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तिसऱ्या आठवड्यात वनीस भट्टीपाशी चक्कर येऊन पडला, तेव्हा त्याच्या हातात फळी होती आणि फळीवर कुर्बानच्या अकरा भाकरी. पडतानाही त्यानं फळी वाकडी होऊ दिली नाही. मिसरमधलं ते छोटं गाव म्हणालं, केवढी ही भक्ती! त्याची बायको रिफ्का म्हणाली, केवढा हा हट्ट! छत्तीस वर्षं संसार तिनं केला होता, तेव्हा तिचंच खरं धरायला हवं.

चर्चला लागून असलेल्या त्या खोलीला सगळे बेथलेहेम म्हणतात. वेदीवर चढणारी ही कुर्बानची भाकर तिथं भाजली जाते. बिनमिठाची कणीक मळायची, तोंडानं स्तोत्रं चालू ठेवायची, भाकरीवर क्रुसाचा ठसा उठवायचा, पाच भोकं पाडायची, आणि हे सगळं अनशेपोटी. वनीसच्या हातून यात कधी खंड पडला नव्हता. उपवासाचे पंचावन्न दिवस दूध, अंडी, मांस तर त्याला वर्ज्यच. शिवाय आठवड्याचे पाच दिवस दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. एवढ्यावर थांबला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण स्वतःचं ताट रिकामं असलं की माणसाला दुसऱ्याच्या ताटात फार दिसतं.

गेल्या वर्षीच्या उपवासात त्याला त्याची भाची हिलाना दिसली. सातवा महिना चालू, उंबऱ्यावर बसून भाकरीशी पांढरं चीज खात होती. वनीस तेव्हा काही बोलला नाही. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर तो दारात उभा राहून नेहमीसारखा आशीर्वादाच्या भाकरी वाटत होता. हिलानानं हात पुढे केला आणि वनीसनं भाकर मागे घेतली.

"चीज खाणाऱ्या तोंडाला आज नाही," तो म्हणाला. सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला.

हिलानानं हात मिटला आणि ती निघून गेली. त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही. लेकराचा बाप्तिस्माही शेजारच्या गावात उरकला. मामाला बोलावणं नव्हतं. वनीस वरवर म्हणायचा, "आज्ञा ती आज्ञा." पण दर रविवारी भाकरी वाटताना त्याची नजर बायकांच्या रांगेतून फिरून यायची. पुढे कुणीतरी सहज बोललं, की पोटुशीला आबूना, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उपवासातून सूट देतात. मग त्याच्या जिवाला काटाच लागला. पोरीकडे परवानगी असणार, आणि आपण तिला चारचौघांत झिडकारलं!

यंदा भट्टीपाशी पडल्यावर डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर खायचं, आणि नुसते घेवडे नाहीत. अंडं, दूध, चीज असलं काहीतरी. वनीसनं भिंतीकडे तोंड केलं. मग आबूना साविरोस घरी आले. त्यांची दाढी पांढरी आणि जीभ तिखट होती.

"खातोस की नाही?"

"मरेन, पण आज्ञा मोडणार नाही, आबूना."

"कुठली आज्ञा? दहा आज्ञांत तर चीजचं नाव मला कधी दिसलं नाही. 'खून करू नको' मात्र दिसलंय. त्यात स्वतःचाही येतो."

"थट्टा करू नका. उपवास काय खोटा?"

"खोटा कसा असेल? मीही करतोच की. पण एक सांग, देवानं इस्राएलाला आज्ञांच्या पाट्या कधी दिल्या? समुद्र दुभंगायच्या आधी, की नंतर?"

"नंतर."

"म्हणजे आधी मिसरच्या गुलामीतून सोडवलं, मग आज्ञा दिल्या. 'हे दहा नियम पाळून दाखवा, मग बघू समुद्राचं,' असं नाही म्हणाला तो. सुटलेल्या माणसानं कसं जगावं, ते सांगायला आज्ञा आहेत. सुटका विकत घ्यायला नव्हेत. तू छत्तीस वर्षं किंमत मोजत बसलायस, आणि शेजाऱ्यानं मोजली का तेही बघतोयस."

आबूना हसले. "ते समुद्र ओलांडून गेले, आपण मिसरमध्येच राहिलो. म्हणून ही बातमी तुझ्यापर्यंत पोचली नसेल."

वनीसला हसू आलं नाही. "मला प्रायश्चित्त द्या," तो म्हणाला. "शंभर दंडवत घालीन. दोनशे घालीन."

"दंडवत तुला सोपे जातात. तुझं प्रायश्चित्त असं: रोज सकाळी खायचं, आणि पहिल्या दिवशी हिलानाच्या घरी खायचं. ती वाढेल ते."

रात्रभर वनीसला आबूनांचा राग येत राहिला. सकाळी मात्र तो काठी घेऊन निघाला. वाटेत एक वाक्य घोकत होता. तेवढं वाक्य नीट बोललं, की मान वर करता येईल असं त्याला वाटत होतं.

हिलानानं दार उघडलं. कडेवर दहा महिन्यांचं पोर. ती दचकली, पण बाजूला झाली. "या, मामा."

"आबूनांनी पाठवलंय. सकाळचं खायला."

तिनं पोराला चटईवर ठेवलं आणि आत गेली. येताना ताटात उन्हात फुगवलेली जाड भाकर होती आणि वाटीभर पांढरं चीज. मुद्दाम आणलं की घरात तेवढंच होतं, हे वनीसला कळेना. त्यानं घोकलेलं वाक्य काढलं.

"पोरी, तुला आबूनांची परवानगी होती, हे मला ठाऊक असतं, तर त्या दिवशी मी तसं बोललोच नसतो."

हिलाना त्याच्यासमोर बसली. "परवानगी नव्हती, मामा."

"नव्हती?"

"मी विचारलंच नव्हतं. भूक लागली होती. पोर पोटात लाथा मारत होतं आणि घरात चीज होतं, म्हणून खाल्लं. नंतर आबूनांना सांगितलं." तिनं नजर वळवली नाही. "आता ताट उचलू का?"

इतके दिवस वनीसनं मानलं होतं, की आपली चूक झाली ती फक्त माहिती नसल्यामुळे. आता तोही आडोसा गेला. नियम हिनं मोडला होता, हे खरंच होतं. आणि त्या दिवशी दारात जे झालं, ते तरीही वाईटच होतं. पोरीनं भुकेला हात पुढे केला आणि मामानं भाकर ओढून घेतली, इतकी ती साधी गोष्ट होती. भट्टीपाशी पडताना त्याला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी आत्ता वाटली.

"नको उचलू," तो कसाबसा म्हणाला. "परवानगी असो नसो, मी ती भाकर मागे घ्यायला नको होती. तू आधी माफ केलं म्हण, मग खातो."

"माफ केलं नसतं, तर दार उघडलं असतं का?" हिलानानं डोळे पुसले. "मामा, तुमचं सगळंच उलटं. खा आधी!"

वनीसनं भाकर मोडली, चीज लावलं आणि घास तोंडात घातला. तीन आठवड्यांनी जिभेला दुधाची चव लागली. त्याला रडू आलं, आणि तो रडत रडतच चावत राहिला. पोर रांगत आलं, त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि भाकरीकडे हात पसरला. वनीसनं आतला मऊ तुकडा काढून त्याच्या मुठीत दिला.

वाटी रिकामी झाली, तेव्हा त्यानं ती पुढे केली. "आणखी थोडं वाढ."

हिलाना रडता रडता हसली. "साखर आहे ना तुम्हाला? एका वेळी एवढं खाल्लं, तर डॉक्टर ओरडतील."

"रविवारी येशील?"

ती वाटी घेऊन उठली. आतून तिचा आवाज आला, "येईन. पण भाकर गरम द्या."